झेल्डा कुठला आवडता? ज्यात झेल्डाच नाहीये तो

परवा रविवारी दादाकडे मिसळ होती आणि रश्श्याची दुसरी वाटी फिरेपर्यंत नेहमीचा विषय निघालाच, की समज झेल्डा या व्हिडिओ गेमच्या सीरिजमधला एकच गेम घरात ठेवायचा आणि बाकीचे सगळे जुन्या बाजारात नेऊन विकायचे, तर कुठला ठेवशील. दादाने मान वर न करता सांगितलं, ऑकरिना ऑफ टाइम. भाचीने तोंडात पाव असतानाच सांगितलं, टिअर्स ऑफ द किंगडम. वहिनी म्हणाली सगळेच विका आणि मला नवा मिक्सर आणा. मी म्हटलं लिंक्स अवेकनिंग, तर बापलेक दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी मिसळीवर साखर मागितली.

"आत्या, तो बेबी गेम आहे."

"आणि त्यात झेल्डा तरी आहे का?" दादा.

नाहीये. खरंय. नाव लेजंड ऑफ झेल्डा आणि अख्ख्या गेममध्ये राजकन्या झेल्डा एकदाही येत नाही, नेहमीचं हायरूल राज्य नाही, तो सोन्याचा त्रिकोण नाही, काही नाही. तरी माझं उत्तर बदलणार नाही, आणि तिथे मिसळ गार होत होती म्हणून नीट बोलता आलं नाही, ते सगळं इथे लिहून काढते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८६ साली जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीतल्या मियामोतो आणि तेझुका या दोघांनी पहिला झेल्डा काढला. मियामोतो लहानपणी क्योटोजवळच्या डोंगरांत, गुहांत एकटा भटकायचा, ते भटकणं गेममध्ये आणायचं होतं. हिरव्या टोपीतला पोरगा म्हणजे झेल्डा नव्हे हां, त्याचं नाव लिंक, झेल्डा ती राजकन्या, आणि ही चूक एकदा तरी प्रत्येकाने केलेली असते. अजून एक गंमत म्हणजे यातल्या पैशाचं नाव रुपी. स्पेलिंग आपल्या रुपयाचंच, फक्त हे रंगीत खडे, हिरवा एकचा, निळा पाचचा, लाल वीसचा. गवत कापलं की पडतात. आमच्या सोसायटीच्या माळ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, ताई, मला पण त्या गावात घेऊन चला.

आपल्याकडे हे गेम लहानपणी कोणी खेळलेलं नाही, म्हणजे मी तरी पुण्यात असं कोणी पाहिलेलं नाही. आमचं लहानपण म्हणजे पिवळं कार्ट्रिज, त्यावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम लिहिलेले आणि आत खरे गेम सात. मारिओ, कॉन्ट्रा, बदकं मारायचा तो, संपलं. झेल्डा आला तो थेट इंजिनिअरिंगला, हॉस्टेलच्या पीसीवर, कीबोर्डने, आणि तो पीसीवर कसा काय आला ते विचारू नका. तेव्हा अ लिंक टू द पास्ट खेळले होते, १९९१ चा, वरून दिसणारा. अजून मस्त आहे. पण आवडता म्हणायला जरा फारच शहाणा मुलगा आहे तो, सगळे पेपर वेळेत सोडवणारा.

दादाच्या ऑकरिनाबद्दल वाईट बोलायची सोय नाही, १९९८ चा गेम आणि मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळी परीक्षणं जमवून शंभरपैकी मार्क देणाऱ्या साइटवर, ९९, एवढे मार्क तर आमच्या घरात कोणालाच पडले नाहीत. लहान लिंक तलवार उपसतो आणि सात वर्षं झोपतो, जागा होतो तर राजवाड्याखालचा गजबजलेला बाजार ओसाड पडलाय आणि तिथे मढी फिरतायत, हे पहिल्यांदा बघताना खरंच काटा येतो. पण त्यात ते वॉटर टेम्पल आहे. लोखंडी बूट घातले की तळाला जायचं, काढले की वर यायचं, आणि जुन्या व्हर्जनमध्ये प्रत्येक वेळी पॉज करून मेन्यूत जाऊन बूट घालायचे, परत पॉज करून काढायचे. देवळात पण एवढ्या वेळा चपला काढाव्या लागत नाहीत. दादा म्हणतो थ्रीडीएसवर, म्हणजे निन्टेन्डोच्या नंतरच्या हातात धरायच्या यंत्रावर, ते सुधारलं, हो सुधारलं, पण दादा स्वतः खेळतो जुनाच, कारण त्याला त्रासाशिवाय प्रेम कळत नाही.

मजोराज मास्क, २०००. हा मला आवडायला हवा होता. आकाशात रागावलेल्या तोंडाचा चंद्र आहे आणि तीन दिवसांनी तो गावावर पडणार आहे, गेममधले ७२ तास म्हणजे आपली ५४ मिनिटं, मग गाणं वाजवून परत पहिल्या दिवशी. गावातला प्रत्येक माणूस घड्याळाप्रमाणे फिरतो, अमुक वाजता पोस्टमन, अमुक वाजता खाणावळीतली ती बाई, आणि तुम्ही बरोबर वेळेला तिथे नसाल तर गेली संधी. एकदम भारी कल्पना. पण मी हिंजवडीत नोकरी करते. दिवसभर डोक्यावर डेडलाइन लटकत असते, घरी येऊन अजून एक लटकलेली बघायची मला ताकद नाही.

ब्रेथ ऑफ द वाइल्ड बद्दल बोलायलाच हवं कारण स्विच, म्हणजे निन्टेन्डोचं गेम खेळायचं यंत्र, घेतलाच त्याच्यासाठी होता. २०१७ चा. पहिल्या दहा मिनिटांत गुहेतून बाहेर येऊन कड्यावर उभं राहिलं की समोर जे सगळं दिसतं तिथे सगळीकडे जाता येतं. कुठल्याही डोंगरावर हातापायांनी चढता येतं, फक्त पाऊस आला की हात सटकतो. ज्याने जुलैमध्ये सिंहगड केलाय त्याला हे वेगळं समजवायला नको, फरक इतकाच की तिथे वर पिठलं भाकरी मिळत नाही, स्वतःच कढईत सफरचंद टाकून काहीतरी करावं लागतं. मी त्यात दीडशे तास घातले. गोष्ट काय होती विचाराल तर जरा आठवावं लागेल. तलवारी दर पाच मिनिटांनी मोडतात, कोरोक नावाची ९०० छोटी वनभुतं लपलीयेत आणि सगळे शोधले तर बक्षीस म्हणून मिळते एक सोनेरी, कशी सांगू, ज्याच्यावरून पाय घसरावा तशी वस्तू. नवऱ्याने सगळे ९०० शोधले. मी त्या दिवशी त्याच्याशी काही बोलले नाही.

टिअर्स ऑफ द किंगडम, २०२३, तोच नकाशा आणि वर आकाश, खाली पाताळ. अल्ट्राहँड नावाच्या शक्तीने काहीही कशालाही चिकटवता येतं. भाचीने फळ्या आणि चाकं जोडून सहा सीटर बनवली आणि स्वारगेट कात्रज ओरडत नदीत घातली. खूप हसलो. पण मी एकटी खेळायला बसले की मला ते खेळणं कमी आणि शनिवारी घरातला माळा आवरायला काढल्यासारखं वाटतं, केवढं सामान, आणि प्रत्येक गोष्ट कामाची. बाकी विंड वेकरचा समुद्र, ट्वायलाइट प्रिन्सेसमधला लांडगा, स्कायवर्ड स्वोर्डमधलं हात फिरवून तलवार चालवणं, ते सगळं ठीक. २०२४ च्या एकोज ऑफ विस्डममध्ये मुख्य सीरिजमध्ये पहिल्यांदा झेल्डा स्वतः नायिका झाली, ३८ वर्षांनी. चला, उशिरा का होईना.

आता माझा.

लिंक्स अवेकनिंग मूळचा १९९३ चा, गेम बॉय या हातात धरायच्या यंत्राचा, तो करड्या रंगाचा, दोन बटणांचा. तो सुरू झाला ती गोष्टच मला फार आवडते, की निन्टेन्डोतल्या काही लोकांनी ऑफिस सुटल्यावर, कोणी सांगितलेलं नसताना, हौस म्हणून हा गेम करायला घेतला. गणपतीच्या आधी पोरं ऑफिसनंतर जमून नाटक बसवतात तसं. म्हणून असेल, त्यात कोणाची परवानगी न घेता काय वाट्टेल ते घातलंय, मारिओतले गुंबा आहेत, निन्टेन्डोच्याच दुसऱ्या गेममधला कर्बी आहे, साखळीला बांधलेला तो गोल दातवाला कुत्रा आहे आणि तो तर फिरवायला नेता येतो. मी जो खेळले तो २०१९ चा स्विचवरचा रिमेक, ग्रेझो नावाच्या कंपनीने केलेला. सगळं बेट खेळण्यातलं दिसतं, म्हणजे प्लास्टिकची चकचकीत माणसं, कडा धूसर, दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडून खाली वाकून बघितल्यावर दिसतं ना, अगदी तसं. मला तर आळीवाची हिरवळच आठवली.

घेतला कसा ते पण सांगते कारण पुण्यात हा एक वेगळाच डंजन, म्हणजे गेममधला कोड्यांचा आणि राक्षसांचा भुलभुलैया, आहे. निन्टेन्डोचं इथे अधिकृत असं काही नाही, सगळा इंपोर्टचा माल, बाहेर ६० डॉलरला निघालेला गेम इथे दुकानदाराच्या मूडप्रमाणे. आधी एका दुकानातून, नाव नाही लिहीत, पैसे मोजून डबा घेतला, घरी येऊन उघडला तर आत भलताच गेम. परत गेले तर शटर खाली, एक ते चार. चारनंतर गेले तर काउंटरवर बोट दाखवलं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी म्हटलं अहो विकलाच कुठे, डबा विकलात. त्यावर ते म्हणाले मग डबा परत घेतला जाणार नाही. शेवटी अर्धा तास उभी राहिले, तेव्हा कुठे पैसे परत, तेही जसे काही त्यांच्या मुलीच्या लग्नाचे. मग ऑफिसातल्या एकाकडून सेकंडहँड घेतला, साडेतीन हजार. भाचीने कार्ट्रिज हातात मिळताच चाटून बघितलं कारण तिने कुठेतरी बघितलं होतं की ते कडू असतं, लहान मुलांनी गिळू नये म्हणून त्याला मुद्दाम कडू लेप असतो. असतो. पाडव्याचा कडुनिंब बरा, असं तोंड करून ती दहा मिनिटं बेसिनपाशी.

आणि हे सगळं होऊन गेम लावला तर त्यातल्या पहिल्याच गावात, माबे गावात, दुकानदार भेटला. मी त्याला बघून सोफ्यावर ओरडलेच. म्हणजे शब्दशः पेठेतला माणूस. वस्तू उचलली की तुम्ही जाल तिकडे त्याचे डोळे फिरतात. फावडं २०० रुपी. धनुष्य ९८०, सरळ हजार म्हणायची लाज वाटली असणार, चपलांच्या दुकानातल्यासारखा भाव. घासाघीस नाही. पण त्याच्याभोवती पळत गोल गोल चकरा मारल्या की एका क्षणी त्याची पाठ वळते आणि तेवढ्यात वस्तू घेऊन दाराबाहेर पडता येतं. फुकट. भाचीने अर्थातच केलं. बाहेर पडली तर गेमने तिचं नाव बदललं. तिने फाइलला स्वतःचं नाव दिलं होतं, ते गेलं, आणि त्या दिवसापासून गावातला प्रत्येक जण, पोरंसोरं, म्हातारे, तिला चोर म्हणतो. शेवटपर्यंत. वर परत दुकानात गेली तर तो दुकानदार एक वाक्य बोलतो आणि विजेचा झटका देऊन ठार मारतो. भाची रडकुंडीला आली, मी इतकी हसले की नवरा आतून बघायला आला. मला एवढ्या वर्षांत कुठल्या गेमने नियम मोडल्याची इतकी बरोब्बर शिक्षा दिलेली नाही, पोलीस नाही, तुरुंग नाही, नुसतं नाव. आळीत दुसरं काय असतं.

बेट छोटं आहे, कोहोलिंट नाव. पंधरा-एक तासांत गेम संपतो. आणि छोटं आहे म्हणूनच सगळे माहितीचे होतात. एक आजोबा आहेत, उलरिरा, समोर भेटलात तर तोंडातून शब्द फुटत नाही, लाजतात, पण बेटावर जागोजागी फोनच्या झोपड्या आहेत तिथून फोन लावला की तेच आजोबा इतकं मोकळं बोलतात आणि पुढे कुठे जायचं ते सांगतात. भाचीला फोनची झोपडी म्हणजे काय तेच कळेना. मग तिला पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ समजावून सांगितले, मीटर कसा पळायचा, रात्री अर्धे पैसे कसे, आणि लाल दिवा बघत बोलायचं कसं. ती म्हणाली, पण आत्या, आजोबांना सरळ मेसेज का नाही करत. एक पोरगा सेव्ह कसं करायचं ते समजावून सांगतो आणि वर म्हणतो याचा अर्थ मला विचारू नका, मी लहान आहे. एक गृहस्थ गावात भेटतात तेव्हाच सांगून ठेवतात की मी नंतर डोंगरात हरवणार आहे, लक्ष असू द्या. आणि हरवतात! पुढे खरोखर डोंगरात उपाशी बसलेले सापडतात.

त्यांना तेव्हा अननस द्यायचा असतो, आणि तो अननस कुठून येतो ही सगळ्यात मजेची भानगड. आजीच्या गोष्टीतलं ते माकड आठवतंय का, शेपटी गेली वस्तरा मिळाला, वस्तरा गेला अजून काहीतरी मिळालं, ढुम ढुम ढुमाक? तसंच. खेळण्याच्या मशीनमधून, दहा रुपीला एक खेप, आपल्या मॉलमध्ये असतं ना ते आकड्याने बाहुली उचलायचं, तस्सं, एक बाहुली काढायची. ती बाळाच्या आईला दिली की रिबन. रिबन एका कुत्रीला. तिच्याकडून खाण्याचा डबा, तो समुद्रावरच्या मगरीला, मगरीकडून केळी, केळी माकडाला, माकडं पूल बांधून देतात आणि जाताना काठी टाकून जातात, काठीने एक काका मधाचं पोळं ढोसतात आणि माश्या त्यांच्या मागे लागतात, पोळं तुम्हाला. पोळं अस्वल आचाऱ्याला, मग तो अननस. अननसावर जास्वंद मिळते, जास्वंद एका बकरीला. ही बकरी एका गृहस्थांना पत्र लिहिते, आणि सोबत स्वतःचा म्हणून फोटो पाठवते मारिओतल्या राजकन्या पीचचा. गृहस्थ बघून खल्लास. लग्नाच्या साइटवर सहा महिने घालवलेल्या कोणालाही यात नवीन काही वाटणार नाही. मग झाडू, मग मासे धरायचा गळ, मग हार, मग जलपरीचा खवला, आणि चौदावी वस्तू म्हणजे भिंग. भिंग कशाला, तर गावच्या लायब्ररीत एक पुस्तक आहे ज्याची अक्षरं इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत, आणि गेमच्या शेवटचा रस्ता त्यातच लिहिलाय. आमची आजी पंचांग असंच वाचायची, खिडकीत, एक डोळा मिटून.

तक्रारी पण सांगते नाहीतर म्हणाल पैसे घेऊन लिहिलंय. घरातून बाहेर पडलं की चित्र जरा अडखळतं, फ्रेम पडतात, रोजचं झालं की लक्ष जात नाही पण २०१९ च्या गेमला हे शोभत नाही. रिमेकमध्ये डांपे नावाच्या माणसाकडे खोल्या जोडून आपला डंजन बनवायची सोय केलीये ती पहिल्या दिवशी मजेची आणि दुसऱ्या दिवशी सरकारी फॉर्मसारखी. आणि जुन्या रंगीत व्हर्जनमध्ये जागोजागी फोटो काढायची जी गंमत होती ती काढून टाकली, का, कळत नाही. पण तलवार, ढाल, बूट यांना वेगळी बटणं दिली हे फार मोठं काम. मूळ गेममध्ये दोनच बटणं असल्यामुळे दगड उचलायचा तर आधी मेन्यूत जाऊन हातातलं बदला, म्हणजे दादाला नक्की आवडला असता. डंजन आठ, अधिक एक रंगांचा. सातवा मनोरा माझा लाडका, त्यात एक लोखंडी गोळा उचलून घेऊन हिंडायचं आणि चार खांब फोडायचे, की वरचा अख्खा मजला खाली येतो. मी त्यात दोन दिवस अडकले होते आणि उत्तर शेवटी चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसमध्ये सुचलं.

आता पुढे गोष्ट सांगणार आहे. १९९३ चा गेम आहे, ओरडू नका. तरी कोणाला खेळायचा असेल तर इथेच थांबा.

लिंक वादळात बोट फुटून या बेटावर वाहून येतो आणि मारिन नावाची मुलगी त्याला घरी आणते. बेटावरच्या डोंगरावर एक प्रचंड अंडं आहे, त्यात विंड फिश झोपलाय, आठ डंजनमधून आठ वाद्यं आणायची आणि त्याच्यापुढे वाजवायची म्हणजे तो जागा होईल आणि तुम्हाला घरी जाता येईल. सरळ आहे. तुम्ही वाद्यं गोळा करायला लागता. मारिन मधेच बरोबर येते, तिला त्या बाहुल्यांच्या मशीनपाशी नेलं तर ती आकड्याने मालकालाच उचलते आणि दोघांची हकालपट्टी. समुद्रावर एका ओंडक्यावर बसून ती म्हणते मी पक्षी असते तर लांब उडून गेले असते, बाहेर काय आहे ते बघितलं असतं. तिच्या गाण्याने वाटेत झोपलेला वॉलरस उठतो. आणि मग सहाव्या डंजनच्या आसपास एका देवळात भिंतीवर कोरलेलं वाचायला मिळतं, की हे बेट खरं नाहीये. हे सगळं त्या झोपलेल्याला पडलेलं स्वप्न आहे. तो उठला की बेट जाणार, फुगा फुटल्यासारखं, माणसं, राक्षस, समुद्र, सगळं. दुकानदार. बकरी. मारिन.

आणि तुमच्या बॅगेत तोपर्यंत निम्म्याहून जास्त वाद्यं असतात.

इथे बाकीचे सगळे झेल्डा आणि हा यांच्यात फरक पडतो, म्हणजे माझ्यासाठी. इतर बहुतेक गेममध्ये गॅनन नावाचा दुष्ट असतो, तो सगळं उद्ध्वस्त करायला निघालेला असतो आणि आपण वाचवतो. इथे डंजनमधले राक्षसच सांगत असतात की बाबा तो उठला तर सगळं जाईल, थांब. आणि आपण त्यांना मारून पुढे जातो. बेट बुडवणारे आपण. आणि गेम एकदाही विचारत नाही की खरंच करायचंय का, हो किंवा नाही दाबा. न करायचा एकच मार्ग म्हणजे स्विच बंद करणे.

मी हा पहिल्यांदा संपवला २०२१ च्या पावसाळ्यात, आणि त्याच महिन्यात नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या कागदांवर सह्या झाल्या. बाबा, काका, दोन्ही आत्या, आणि आजीच्या वाट्याची माझी, कारण ती आजीने माझ्या नावे केली होती. सगळं व्यवस्थित होतं, कोणी फसवलं नाही, भाडेकरूंना पण जागा मिळाली, जिना खरोखर पडायला आला होता, पावसात वरच्या खोलीत चार बादल्या लावाव्या लागायच्या. सही करायला हवीच होती. सही करताना बिल्डरच्या ऑफिसात एसी इतका होता की माझी बोटं गार पडली होती, आणि तो माणूस म्हणाला, मॅडम, इनिशिअल प्रत्येक पानावर. एकतीस पानं. मी प्रत्येक पानावर करत गेले आणि मला आठवत होतं हौदाच्या कडेला ठेवलेलं तांब्याचं घंगाळ, आणि समोरच्या खोलीतल्या काकू, ज्या मला वीस वर्षं दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारायच्या. त्या रात्री घरी येऊन शेवटचं वाद्य आणलं. आठवं, ढोलासारखं. ते मिळाल्यावर अंड्यापाशी जायच्या आधी मी परत खाली माबे गावात गेले आणि सगळ्यांशी बोलून आले. काही उपयोग नसतो त्याचा. लोक तेच बोलतात जे कायम बोलतात. आजोबांना फोन पण केला.

मग अंडं, आतला भुलभुलैया, ते बारीक अक्षरांचं उत्तर, शेवटचा राक्षस, आणि मग सगळं पांढरं होत जातं आणि लिंक समुद्रात एका लाकडावर पडलेला, वर आकाशातून तो विंड फिश, म्हणजे एक देवमासा, उडत जातो. लिंक वर बघून हसतो. मी नाही हसले. नवरा म्हणाला अगं गेम आहे, आणि मला त्याला वाड्याचं काही सांगता आलं नाही.

तर दादाचं म्हणणं, हा सर्वोत्तम नाही. मान्य. सर्वोत्तम कुठला विचाराल तर मी पण ऑकरिना नाहीतर ब्रेथ ऑफ द वाइल्ड म्हणेन, तिथे वाद घालायला माझ्याकडे काही नाही. पण आवडता विचारलं होतं ना. आवडता म्हणजे मला आपला वाटलेला, आणि एवढ्या सगळ्या मोठमोठ्या राज्यांमध्ये मला रस्ते न बघता येतात ते याच एका बेटाचे. घ्यायचाच असेल तर सेकंडहँड घ्या, निन्टेन्डोच्या गेमची किंमत उतरायची वाट बघत बसलात तर म्हातारे व्हाल, आणि संपवून झाला की जवळजवळ त्याच भावाला विकता पण येतो. मी विकलेला नाही. पाचपैकी किती वगैरे विचाराल तर साडेचार, अर्धा त्या अडखळण्याचा कापला.

भाचीने सध्या तो माझ्याकडून नेलाय. त्या दिवशी बेबी गेम म्हणाली होती खरी, पण मिसळीनंतर जाताना स्वतःच पिशवीत टाकला. चोरी न करता नव्याने सुरू केला, स्वतःच्या नावाने, धनुष्य ९८० मोजून घेतलं. काल फोन केला होता. आठही वाद्यं झालीयेत, भिंग आहे, पुस्तक वाचलंय. मी म्हटलं मग अंडं?

"नाही गं आत्या, आत्ता नाही. मी मासे पकडतेय. दहा रुपीला एकदा."

"किती दिवस?"

"बघू. मला सारखं विचारू नका," ती म्हणाली, "मी लहान आहे."